आवाजाची पहिली पायरी

जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी म्हातारी अजून गावात असते. तिचा आवाज टिपून ठेवावा असे गुरुजींच्या मनात येते, यंत्रही मिळते. पण घरी येऊन ऐकावे तर ओवीच्या मागे सारखी फुसफुस! म्हातारी पुन्हा बसेलच, असे नाही. मग एक जण सांगतो, “बाहेरचा मिक्सर घ्या.” दुसरा म्हणतो, “यंत्रातच सगळं असतं, उगीच खर्च कशाला?” या वादाचा इतिहास थोडा पाहू या, म्हणजे निवड सोपी जाईल.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे. त्या जोरानेच सुई हलायची. विजेचा संबंध नाही, वर्धक नाही. हळू गाणाऱ्याला मात्र तिथे जागा नव्हती.

१९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण आले आणि मायक्रोफोन आला. हे मोठे नाजूक प्रकरण! साध्या बोलण्याने त्यातून निघणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. ती शेकडो पटींनी वाढवल्याशिवाय पुढच्या यंत्राला तिचा उपयोग नाही. हे पहिले वाढवणे म्हणजेच प्रीअँपचे काम. सगळे गणित इथेच आहे. प्रत्येक वर्धक स्वतःची थोडी फुसफुस आवाजात मिसळतो. पहिल्या पायरीवर जी मिसळली ती पुढे आवाजाबरोबरच वाढत जाते. शेतात घातलेले खत पिकाला लागते तसे तणालाही लागते ना, तसेच हे. म्हणून ‘आतला की बाहेरचा’ यापेक्षा ‘पहिली पायरी कोणाची स्वच्छ’ हा खरा प्रश्न.

स्टुडिओत वर्धक आणि मिक्सर एका बाजूला, मुद्रणयंत्र दुसऱ्या बाजूला, अशी सोयीची वाटणी होती. पण बाहेर जायचे तर एवढे सामान कोण वाहणार? स्वित्झर्लंडमध्ये राहणारे पोलिश अभियंता स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली ‘नाग्रा’ नावाचे सुटसुटीत यंत्र केले. पोलिश भाषेत या नावाचा अर्थ ‘हे मुद्रित करील’ असा. १९५८ च्या सुमारास आलेल्या ‘नाग्रा तीन’मध्ये ट्रान्झिस्टर होते, ते टॉर्चच्या सेलवर चाले आणि त्याचा आतला प्रीअँप अव्वल होता. एका माणसाची मुलाखत घ्यायला दुसरे काहीच लागत नसे. पण बोलणारे तिघे-चौघे झाले की अडचण, कारण मायक्रोफोनची जागा एकच. म्हणून त्यासाठी वेगळा छोटा मिक्सरही निघाला. म्हणजे तेव्हा मिक्सर लागला तो आवाज सुधारायला नव्हे, माणसे वाढली म्हणून.

पुढे हे उलटले. १९६३ नंतर कॅसेट आली, यंत्रे स्वस्त झाली, आणि काटकसर नेमकी त्या पहिल्या पायरीवर झाली. शिवाय पुष्कळ यंत्रांत आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय. गाणारी श्वास घ्यायला थांबली की फुसफुस हळूच वर येई! १९९२ च्या मिनिडिस्कनंतरही जाणते लोक बाहेरचाच चांगला प्रीअँप किंवा मिक्सर बाळगत. अमेरिकेतला ‘मिक्सप्री’ त्यातलाच. गंमत अशी, की २०१७ साली त्याच नावाने आले ते मुद्रणयंत्र, ज्याच्या पोटातच मिक्सर होता. बाहेर गेलेली वस्तू घरी परत आली.

आता तुमची निवड. बोलणारा एक आणि यंत्र बरे असेल, तर मिक्सरच्या नादी लागू नका. मायक्रोफोन जवळ न्या. अंतर निम्मे केले की मायक्रोफोनला आवाज जवळजवळ दुप्पट मिळतो. एवढ्या स्वस्तात कोणताही मिक्सर हे करणार नाही. भजनी मंडळ असेल, किंवा ४८ व्होल्टची वीज मागणारा मायक्रोफोन असेल आणि ती वीज यंत्रातून मिळत नसेल, तर मिक्सर जरूर घ्या. मात्र त्याची तार यंत्राच्या ‘लाइन’ छिद्रात घाला. ‘माइक’ छिद्रात घातलीत, तर आवाज पुन्हा त्याच आतल्या प्रीअँपमधून जाणार. काही यंत्रांत ‘लाइन’ची वाटही आतल्या वर्धकावरूनच जाते, तिथे बाहेरच्याचा फायदा कमी मिळतो. आणि २०१९ पासून आलेल्या ‘३२ बिट फ्लोट’ यंत्रांबद्दल ऐकले असेल. मोठा आवाज त्यांत फाटत नाही हे खरे, पण पहिल्या पायरीची फुसफुस त्याने जात नाही.

विकत घेण्याआधी एक करा. रात्री सामसूम झाल्यावर मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर टिकटिक करणारे घड्याळ ठेवा. तोच मायक्रोफोन एकदा यंत्राला थेट जोडा, एकदा मिक्सरमधून. दोन्ही वेळा टिकटिक सारख्याच मोठ्याने येईल अशी बटणे लावा, आणि मग दोन टिकटिकींच्या मधले ऐका.