मृतसंपदेची व्यवस्था व वारसदायित्व

मृत व्यक्तीची मालमत्ता ताब्यात घेणे, तिची येणी वसूल करणे, देणी भागविणे व शेष हक्कदारांस वाटून देणे म्हणजे मृतसंपदेची व्यवस्था. मृत्युपत्राने नेमलेला निष्पादक, न्यायालयाने नेमलेला प्रशासक किंवा वारस हे काम करतो. महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास मुख्यतः कर्जाचा इतिहास आहे.

धर्मशास्त्रानुसार पित्याचे ऋण मुलाने व्याजासह, तर आजोबाचे ऋण नातवाने बिनव्याजी फेडावे. पणतूवर हे बंधन नाही. जुगार वा मद्यपान यांसाठी काढलेले कर्ज यातून वगळलेले होते. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी या धार्मिक कर्तव्याचा अर्थ इतका कठोर लावला, की वडिलोपार्जित काहीही हाती न आलेला मुलगाही देणेकरी ठरे. मुंबई विधिमंडळाच्या १८६६ च्या सातव्या अधिनियमाने ही जोखीम मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. मात्र मिळालेली मालमत्ता कर्जफेडीस न लावता ज्याने अन्यत्र उडविली, तो तेवढ्या रकमेपुरता जातीने जबाबदार राहिला. विधवेशी विवाह करणाऱ्यावर तिच्या पूर्वपतीचे कर्ज केवळ त्या विवाहामुळे येणार नाही, असेही त्यात स्पष्ट करावे लागले. यावरून सावकारांची मागणी कोठवर पोहोचत असे, हे दिसते. कायद्याने मर्यादा घातली, तरी कुणब्याच्या घरी जुने खत नव्या नावाने लिहून घेतले जाई. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली दंगे झाले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. पुत्राचे धार्मिक ऋणदायित्व ९ सप्टेंबर २००५ पासून नव्या कर्जांपुरते रद्द झाले.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीसारख्या गावात वारसाने प्रथम कोणता दाखला मिळवावा, याचे उत्तर एल्फिन्स्टनच्या संहितेत सापडते. मुंबईचा १८२७ चा आठवा विनियम वारस, निष्पादक व प्रशासक यांना न्यायालयीन मान्यता देण्यासाठी केला होता. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढून हरकती मागविते व नंतर दाखला देते. दाखल्याने मालकी मिळत नाही. तूर्त व्यवस्था कोणाकडे आहे, एवढेच तो दर्शवितो. गावच्या वारसनोंदवहीतील नावाचेही तसेच आहे : ती नोंद महसुलासाठी असते. ही बाब दुर्लक्षित राहिल्याने, नाव लागलेला थोरला भाऊ स्वतःस मालक समजतो व बहिणींचा हिस्सा बुडतो. मुंबई शहरात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने हिंदूंच्या मृत्युपत्रांस प्रोबेट आवश्यक ठरविले होते. मुफसलात, पर्यायाने सोलापुरात, केवळ तेथील मालमत्तेबाबत ते सक्तीचे नव्हते.

प्रोबेट वा प्रशासनपत्र घेतलेल्यास १९२५ च्या अधिनियमानुसार सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब न्यायालयापुढे सादर करावा लागतो. उत्तरक्रिया व अखेरच्या आजारपणाचा खर्च प्रथम भागवावयाचा; त्यानंतर न्यायालयीन खर्च, पुढे मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर व घरगड्यांचे वेतन. उरलेली कर्जे मालमत्तेच्या प्रमाणात सर्व धनकोंना सारखी द्यावयाची असतात व मृत्युपत्रातील देणग्या त्यानंतरच. मालमत्तेचा गैरवापर करणारा, तसेच हयगयीने वसुली बुडविणारा निष्पादक, नुकसानभरपाईस पात्र असतो. नेमणूक नसताना मृताच्या मालमत्तेत ढवळाढवळ करणाराही मालमत्तेपुरता उत्तरदायी ठरतो. परंतु मालाचे रक्षण, अंत्यविधी वा कुटुंबाची तातडीची गरज यांसाठी हात घालणाऱ्या शेजाऱ्यास हा दोष लागत नाही.