फोपनारच्या बुद्धमूर्ती आणि ठावठिकाण्याचे मोल

बऱ्हाणपूर म्हटले की मराठी वाचकाला तापीचा काठ, फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांचे दक्षिणेतील ठाणे आणि १६३१ मध्ये तेथे निधन पावलेली मुमताजमहल इतक्या गोष्टी चटकन आठवतात. शहराचे नावही खुलताबादेस समाधिस्थ असलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी सत्पुरुषावरून पडले आहे. परंतु हा सारा इतिहास फार तर सहाशे वर्षांचा. त्याच्याही मागे आठ-नऊ शतके या प्रदेशात बुद्धमूर्ती पूजिल्या जात होत्या, याची साक्ष शहराच्या परिसरातील फोपनार या गावाने दिली आहे. १९६४ मध्ये फोपनार कलाँ येथे धातूच्या सात बुद्धमूर्ती एकत्र सापडल्या. त्या काळी हे गाव पूर्व निमाड जिल्ह्यात मोडत असे. बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा २००३ मध्ये झाला.

अभ्यासकांनी या मूर्तींचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक असा ठरविला आहे. हा काळ आपल्या परिचयाचा आहे. वाशीमच्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, वाकाटक शाखेतील राजा हरिषेण याच्या अमदानीत अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी खोदली जात होती. त्याचा अमात्य वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, तर सव्विसाव्या लेण्याचे दान बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने केले. उत्तरेतून तापी ओलांडून दक्षिणापथाकडे येणाऱ्या वाटा याच टापूतून जात. अजिंठ्याच्या पाषाणात आणि भिंतींवरील चित्रांत जो बुद्ध आपण पाहतो, त्याचेच धातूतील रूप कसे होते, या प्रश्नाचे उत्तर फोपनारने दिले. त्यांतील काही मूर्तींवर दानलेख कोरलेले असून ते प्रसिद्धही झाले आहेत. लेखाचे वळण कालनिर्णयास उपयोगी पडतेच. शिवाय मूर्ती ही कोणा भाविकाने धर्मकार्यार्थ दिलेली देणगी होती, हेही त्यावरून स्पष्ट होते.

पुढे १९८२ मध्ये नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळील हमलापुरी येथे धातूच्या तीन बुद्धमूर्ती मिळाल्या आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी त्या विद्वानांपुढे मांडल्या. रामटेकचा परिसर हा वाकाटकांच्या दुसऱ्या, म्हणजे नंदिवर्धन शाखेचा प्रदेश. फोपनार आणि हमलापुरी येथील मूर्तींतील साम्य पाहता, वाकाटकांच्या राज्यात धातूच्या मूर्ती ओतण्याची एक प्रगल्भ परंपरा नांदत होती, असे म्हणण्यास आधार मिळतो. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा निष्कर्ष मूर्तींच्या सौंदर्यावरून काढलेला नाही. मूर्ती कोठे सापडल्या, किती सापडल्या आणि कशाच्या सोबत सापडल्या, हे ठाऊक असल्यामुळेच तो काढता आला.

अशा मूर्ती ज्या रीतीने घडत, तिला आपल्या शास्त्रग्रंथांत मधूच्छिष्ट विधान म्हटले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. प्रथम मूर्ती मेणात घडवायची, तिच्यावर मऊ मातीचे थर चढवून ते वाळवायचे, मग तापवून मेण वितळवून काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. माती फोडली की मूर्ती हाती येते. साचा मात्र उरत नाही. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही कृती सविस्तर दिली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा याचे गणितही त्यात आहे.

काही मूर्तींना यानंतर सोन्याचा मुलामा देत. सोने पाऱ्यात विरघळवून तो लेप मूर्तीवर चोळायचा आणि मूर्ती तापवायची. पारा वाफ होऊन निघून जातो आणि सोन्याचा पातळ थर तेवढा धातूवर बसतो. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हे काम कारागिराच्या जिवावर बेतणारे होते. ज्या कांशात शिशाचे प्रमाण अधिक, त्यावर हा मुलामा नीट धरत नाही. म्हणून नेपाळातील नेवार कारागीर मुलाम्यासाठी जवळजवळ शुद्ध तांबे वापरीत. बाजारात ‘सुवर्णलेपित कांस्यमूर्ती’ म्हणून दाखविली जाणारी वस्तू पुष्कळदा तांब्याची असते, त्याचे कारण हे होय.

सुवर्णलेपित बौद्ध मूर्तींचा एक मोठा संच जुन्या मध्यप्रांतात मिळाला होता. १९३९ मध्ये रायपूरजवळ महानदीच्या काठी सिरपूर येथे तो उघडकीस आला. साधारणपणे आठव्या शतकाच्या आसपासच्या या मूर्तींत बुद्ध, पद्मपाणी, मंजुश्री, तारा अशी रूपे होती. सोन्याचा मुलामा, चांदीने जडविलेले डोळे आणि दागिन्यांचे बारीक काम यांमुळे त्या भारतीय ओतकामाचा उत्कृष्ट नमुना मानल्या जातात. परंतु हा संच एकत्र राहिला नाही. काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात राहिल्या, काही अन्य संग्रहांत गेल्या, आणि तारेची एक अप्रतिम मूर्ती न्यूयॉर्क येथील विक्रेते व संग्राहक नसली हीरामाणेक यांच्या संग्रहातून अमेरिकेतील लॉस एंजलिसच्या कलासंग्रहालयात पोहोचली. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९५० नंतरच्या दशकात सिरपूर येथे उत्खनन केले आणि या मूर्तींविषयी लेखनही केले. त्या तारेला आज सिरपूरची म्हणून ओळखता येते, ती अशा अभ्यासामुळेच. तो झाला नसता, तर ‘मध्य भारत, आठवे शतक’ एवढीच तिची ओळख उरली असती.

लिलावगृहाच्या सूचिपत्रात एखादी प्राचीन बुद्धमूर्ती विक्रीस येते तेव्हा तिची उंची, धातू, मुद्रा, मुलाम्याची स्थिती आणि अपेक्षित किंमत हा सारा तपशील काटेकोरपणे दिलेला असतो. गावाचे नाव मात्र बहुधा नसते. ‘एका खाजगी युरोपीय संग्रहातून’ एवढ्या शब्दांवर तिचा पूर्वेतिहास संपतो. ग्राहकाला त्यात काही उणे वाटत नसेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती मूर्ती मुकी झालेली असते. तिच्या शेजारी कोणत्या मूर्ती होत्या, ती विहारातली की घरातली, कोणत्या संकटात ती जमिनीत दडविली गेली, हे प्रश्न पुन्हा कधीच सुटत नाहीत.

नोंदीचे सामर्थ्य किती मोठे आहे, हे नालंदेच्या एका बुद्धमूर्तीने दाखवून दिले. ऑगस्ट १९६१ मध्ये नालंदा येथील संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील चांदीचे जडावकाम असलेली, बाराव्या शतकातील एक बुद्धमूर्ती अनेकांच्या हातांतून फिरत अखेर २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील कलाबाजारात विक्रीस आली. चोरीला तोवर जवळजवळ सत्तावन्न वर्षे झाली होती. तरीही जुन्या छायाचित्रांशी ताडून जागरूक अभ्यासकांनी ती ओळखली. विक्रेत्याने आणि मालकाने मूर्ती परत देण्यास संमती दिली आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी ती भारतीय उच्चायुक्तांच्या स्वाधीन केली. ती छायाचित्रे जपून ठेवलेली नसती, तर मूर्ती समोर असूनही तिच्यावर हक्क सांगता आला नसता.

कायद्याची बाजूही सदस्यांनी जाणून घ्यावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आलेल्या १९७२ च्या पुरावस्तुविषयक अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणी आवश्यक ठरविली, त्यांच्या व्यापारास परवाना लागू केला आणि खाजगी व्यक्तीने त्या परदेशी नेण्यास मनाई केली. युनेस्कोने १९७० मध्ये केलेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७७ मध्ये सामील झाला. परंतु कायदा कागदपत्रांवर चालतो. ज्या मूर्तीचे छायाचित्र नाही, माप नाही, गावाची नोंद नाही, तिच्यासाठी न्यायालयात उभे राहणार तरी कसे?

ग्रंथालयाच्या वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे येणारे प्रत्येक पुस्तक प्रथम दाखलनोंदवहीत उतरते. त्यास क्रमांक मिळतो, आतील पानावर शिक्का उमटतो आणि मगच ते कपाटात जाते. शंभर वर्षांत पुस्तके झिजली, काही गहाळही झाली. परंतु ती आपली होती हे ती वही सांगते. आपल्या गावोगावच्या देवळांत, मठांत, विहारांत आणि घरांच्या देव्हाऱ्यांत आजही कितीतरी जुन्या धातुमूर्ती आहेत, ज्यांची अशी एका ओळीचीही नोंद नाही. त्यांची छायाचित्रे, मापे, लेखांचे ठसे आणि वृद्धांकडून ऐकलेली माहिती एकत्र करून एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे आणि एक ग्रंथालयात ठेवणे, हे कार्य फारसे खर्चाचे नाही. त्यासाठी तज्ज्ञच हवेत असेही नाही. चिकाटी व सचोटी पुरे.

फोपनारच्या बुद्धमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्या गावापासून दूर गेल्या हे खरे. पण गावाचे नाव त्यांच्यापासून सुटलेले नाही. देशोदेशीचे अभ्यासक पाचव्या-सहाव्या शतकातील भारतीय धातुशिल्पाविषयी लिहू लागले की तापीकाठच्या या लहानशा खेड्याचे नाव त्यांना घ्यावेच लागते. शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने पुढील शतकासाठी आपल्या परिसरातील पुरावस्तूंची अशी एक नोंदवही उघडली, तर या समारंभाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.