दुसऱ्या तासाचे शास्त्र

प्रबंध लिहीत असलेल्या, अथवा तो नुकताच हातावेगळा केलेल्या तरुण संशोधकांचे पुढे काय होणार, हा प्रश्न विद्वानांच्या परिषदांतून अलीकडे वारंवार निघतो. त्यातही संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांविषयी तो अधिक काळजीने विचारला जातो. कारण कापसाच्या वाणावर काम करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, गिरणीकामगारांच्या भजनी मंडळांवर काम करणाऱ्याला ते सहसा मिळत नाही. आम्ही विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधी चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तथापि या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ कामगारांच्या वर्गात झालेला आहे. म्हणून तो येथे सांगावा असे आम्हास वाटते.

इंग्लंडात १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी एक संघ काढला. हे गृहस्थ सहकारी संस्थेत कारकून होते. १९०८ मध्ये रॉचडेल व लाँगटन येथे या संघाचे दीर्घ मुदतीचे वर्ग सुरू झाले आणि आर. एच. टॉनी हे तरुण अर्थशास्त्रज्ञ तेथे शिकवू लागले. रॉचडेल हे सूतगिरण्यांचे गाव, तर लाँगटन चिनीमातीच्या भांड्यांचे. वर्ग दोन तासांचा असे. पहिला तास व्याख्यात्याचा, दुसरा श्रोत्यांचा. एकच वर्ग तीन वर्षे चाले. त्या दुसऱ्या तासात व्याख्यात्याला कारखान्यातल्या माणसांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागे. पुस्तकातले मजुरीचे सूत्र आणि शनिवारी हातात पडणारी मजुरी यांची गाठ तेथे पडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करातून परतलेले तीन तरुण अशाच प्रौढवर्गांवर शिकवू लागले. रिचर्ड हॉगर्ट हल येथे, रेमंड विल्यम्स ऑक्सफर्डच्या बहिःशाल विभागात आणि ई. पी. टॉमसन लीड्सच्या परिसरात. विल्यम्स हे वेल्समधील एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. हॉगर्ट लीड्सच्या गरीब वस्तीत वाढलेले. १९५७ साली हॉगर्ट यांचे 'द यूजेस ऑफ लिटरसी', १९५८ मध्ये विल्यम्स यांचे 'कल्चर अँड सोसायटी' आणि १९६३ मध्ये टॉमसन यांचा इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथालये आणि चित्रशाळा एवढ्यापुरतीच संस्कृती नसते, कष्टकऱ्यांचे बोलणे, गाणे, संघटना व रोजचे वागणे हीही संस्कृतीच होय, हा विचार या ग्रंथांनी रूढ केला. आमच्या मते त्यांच्यामागे दुसऱ्या तासाचे ऋण मोठे आहे.

पुढे १९६४ साली हॉगर्ट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र उघडले. पेंग्विन प्रकाशनाचे ॲलन लेन यांनी पैशाची मदत केली. जमेकातून आलेले स्टुअर्ट हॉल त्यांना येऊन मिळाले आणि १९६८ पासून १९७९ पर्यंत केंद्राची धुरा त्यांनीच वाहिली. कायमचे शिक्षक अवघे दोन-तीन! काम होई ते विद्यार्थ्यांच्या हातून. त्यांनी गट पाडले, एकत्र वाचले, एकत्र लिहिले आणि आपले लेख आपणच छापले. पॉल विलिस यांनी बारा कामगारपुत्रांचा शाळेपासून कारखान्यापर्यंत मागोवा घेतला. मास्तरांची टिंगल करणारी ही पोरे शाळेत जो बेडरपणा दाखवीत, तो त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातल्या वागण्याशी मिळताजुळता होता. आणि तोच त्यांना कष्टाच्या नोकरीकडे नेत होता. १९७७ साली हे पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी पाच जणांनी मिळून लिहिलेले 'पोलिसिंग द क्रायसिस' आले. रस्त्यावरच्या लुटीची भीती वृत्तपत्रे, पोलीस व न्यायालये मिळून कशी वाढवितात, हे त्यात दाखविले आहे. १९८२ साली वंशभेदावर जो ग्रंथ निघाला, त्याच्या लेखकांत पॉल गिलरॉय, हेझल कार्बी यांच्यासारखे तरुण अभ्यासक होते.

एवढ्या कीर्तीचे केंद्र २००२ साली बंद करण्यात आले. इंग्लंडात १९८६ पासून विद्यापीठांच्या संशोधनाची सरकारी मोजणी होऊ लागली होती. २००१ च्या मोजणीत सात पायऱ्यांपैकी मधली, म्हणजे चौथी पायरी या विभागाच्या वाट्याला आली. व्यवस्थापनाला ती पुरेशी वाटली नाही. देशोदेशीच्या अभ्यासकांनी निषेध केला. उपयोग झाला नाही. कामगार ही रीत ओळखतात. नगावर मजुरी मोजली जाऊ लागली की विणकर कापडाच्या पोताकडे पाहीनासा होतो. संशोधकही मग मोजणीत धरले जाईल तेवढेच लिहितो.

आपल्याकडची स्थिती वेगळी नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी दारात उभा राही. कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम. आज आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे उच्चविद्याविभूषित तरुण त्याचेच भाऊबंद आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांची शिष्यवृत्ती बंद करण्याचे ठरविले. ती एम.फिल.साठी दरमहा ५,००० व पीएच.डी.साठी ८,००० रुपये होती. विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले, तेव्हा ती चालू राहिली. ब्रिटनमध्ये २०१९ व २०२० साली विद्यापीठीय शिक्षकांनी केलेल्या संपांतही हंगामी नेमणुका ही एक प्रमुख तक्रार होती. यावरून एवढे दिसते की, संशोधकाचे भवितव्य हा आधी भाकरीचा प्रश्न आहे, आणि तो एकेकट्याने सुटत नाही.

परंतु केवळ भाकरीने संशोधन जगेल असेही नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेले. त्या गिरणगावाचा शंभर वर्षांचा इतिहास मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्याच तोंडून वदवून २००४ साली ग्रंथरूपाने दिला. माणसे बोलती असतानाच ते काम झाले, म्हणून ते हाती लागले.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा वारसा आपण सांगतो. श्रोतेहो, या वारशात पहिला तास आपण उत्तम सांभाळला. दुसरा मात्र आभारप्रदर्शनात जातो. तो तरुण संशोधकांना व श्रोत्यांना मिळून द्यावा. वर्षाकाठी दोन व्याख्याने त्यांच्यासाठी राखावीत, आणि मानधन नामवंतांइतकेच द्यावे. युनियनांनी आपली इतिवृत्ते, हस्तपत्रके, पावतीपुस्तके रद्दीवाल्याला घालण्याआधी त्यांना दाखवावीत. आणि तरुणांनीही प्रबंध बांधून झाला की तो ज्यांच्यावर लिहिला त्यांच्या वस्तीत जाऊन वाचून दाखवावा. तेथे जे प्रश्न विचारले जातील, ते कोणत्याही परीक्षकाच्या प्रश्नांहून अवघड असतील. पण पुढच्या संशोधनाचा विषय त्यांतूनच मिळेल.