अभ्रकाची साक्ष

१८०८ साली पॅरिस येथे मालूस नावाचा लष्करी इंजिनियर लक्झेंबुर्ग प्रासादाच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य आइसलंडी स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. परंतु तो फिरवताच त्यांतील एक फिकी होत गेली. परावर्तित प्रकाशाच्या या एकांगी वृत्तीस ध्रुवीभवन म्हणतात.

प्रकाशतरंग ध्वनीप्रमाणे पुढेमागे हेलकावत असतील, तर स्फटिक फिरवल्याने फरक का पडावा? ही कंपने मार्गास आडवी असतात, असे १८२१ साली फ्रेनेल याने सांगितले. पण त्यासाठी अवकाशातील ईथर घनपदार्थासारखा ताठ मानावा लागे. मग ग्रह त्यातून फिरणार कसे? त्याचा सहकारी आरागो हाही येथे मागे सरला.

अभ्रकाचा पापुद्रा मात्र फ्रेनेलच्या बाजूने साक्ष देतो. त्यात शिरताच कंपनाचे परस्परांशी काटकोन करणारे दोन भाग होतात व एक मागे पडतो. भाग समान असून अंतर पाव तरंगाचे पडले, तर सरळ कंपन वर्तुळाकार होते. अर्ध्या तरंगाचे पडले, तर ते सरळच राहून दिशा बदलते.

फ्रेनेल १८२७ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी वारला. पुढे ईथरची कल्पना शास्त्राने टाकून दिली. आडव्या कंपनांची मात्र आजही मान्य आहे.