३६ ग्रॅम पाण्यातील अणू आणि पन्नास वर्षांचा घोळ

१/९
३६ ग्रॅम पाण्यात अणू किती? आजचा विद्यार्थी ३६ ला १८ ने भागतो, २ मोल मिळवतो आणि पुढचा गुणाकार करतो. या भागाकारातील ‘१८’ हा आकडा निश्चित व्हायला मात्र रसायनशास्त्राला अर्धे शतक लागले. त्या अर्धशतकाची ही कथा.

२/९
१८०८ मध्ये जॉन डाल्टन यांनी अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हे तराजू सांगत होता. परंतु पाण्याच्या एका कणात कोणते अणू किती, हे तराजू सांगू शकत नव्हता. डाल्टन यांनी सर्वांत साधी जोडी गृहीत धरली : एकास एक.

३/९
हे गृहीतक मानले, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो आणि पाण्याचा कण ९ पट. हायड्रोजनचे अणू दोन मानले, तर हेच आकडे १६ आणि १८ होतात. वजन तेच, तराजू तोच. पण अणूंची मोजदाद पार बदलते.

४/९
त्याच सुमारास गे-ल्युसॅक यांनी दाखवून दिले, की २ आकारमान हायड्रोजन आणि १ आकारमान ऑक्सिजन यांपासून २ आकारमान वाफ तयार होते. ऑक्सिजनचा कण अविभाज्य असेल, तर एकापासून दोन कसे?

५/९
१८११ मध्ये इटलीतील आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी उत्तर दिले. मूळचे कायद्याचे पदवीधर असलेले ॲव्होगॅड्रो तेव्हा व्हेर्चेल्ली येथे शिकवत असत. त्यांचे म्हणणे असे : समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते; आणि ऑक्सिजनचा रेणू अभिक्रियेत दुभंगतो.

६/९
एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील, हे डाल्टन आणि बर्झेलियस यांना मान्य नव्हते. विचार अडगळीत पडला आणि १८५६ मध्ये ॲव्होगॅड्रो निवर्तले. दरम्यान घोळ इतका वाढला, की १८६१ च्या सुमारास केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची १९ सूत्रे नोंदवली!

७/९
हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. परिषदेत एकमत झाले नाही. पण निरोपाच्या वेळी स्तानिस्लाओ कॅनिझारो यांची, १८५८ मध्ये लिहिलेली एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली.

८/९
पुस्तिकेतील युक्ती सरळ होती. ॲव्होगॅड्रोंच्या नियमाने वायूंची घनता ताडून रेणूंची वस्तुमाने काढायची. मग पाहायचे : पाण्याच्या १८ मध्ये ऑक्सिजन १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२. ऑक्सिजन सर्वत्र १६ च्याच पटीत येतो. म्हणून त्याचा अणू १६. श्रोत्यांमध्ये २६ वर्षांचे मेंडेलीव्ह होते. याच सुधारलेल्या अणुवस्तुमानांच्या आधारे १८६९ मध्ये त्यांनी आवर्तसारणी मांडली.

९/९
‘मोल’ हा शब्द ओस्टवाल्ड यांनी १८९० च्या दशकात रूढ केला. मोलमधील कणांच्या संख्येला ॲव्होगॅड्रोंचे नाव १९०९ मध्ये झाँ पेरॅं यांनी दिले. २०१९ पासून ती संख्या नेमकी ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात अशी ठरवलेली आहे. आता पुन्हा ते ३६ ग्रॅम पाणी घ्या. डाल्टन यांच्या सूत्राने ३६ भागिले ९, म्हणजे ४ मोल. प्रत्येक कणात २ अणू, एकूण ८ मोल अणू. खरे उत्तर : २ मोल रेणू, प्रत्येकी ३ अणू, एकूण ६ मोल अणू, म्हणजे सुमारे ३.६ गुणिले १० चा २४ वा घात इतके अणू. वजनावरून संख्येकडे जाणारी वाट रेणूच्या रचनेतूनच जाते. ती वाट दाखवणाऱ्या ॲव्होगॅड्रोंना तिच्यावरून जग चालू लागलेले पाहायला मिळाले नाही.