गृह-ध्वनिमुद्रणासाठी संगणकाची निवड

घरी गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण, संपादन आणि मिश्रण करण्यासाठी लागणारा संगणक हा बाजारात स्वतंत्र प्रकार म्हणून मिळत नाही; सामान्य संगणकच या कामाला योग्य की अयोग्य ठरतो. मायक्रोफोनचा आवाज ऑडिओ इंटरफेसमार्फत अंकीय स्वरूपात संगणकात येतो.

== विलंब ==
आवाज संगणकात जाऊन गायकाच्या कानी परतेपर्यंत वेळ जातो. ४८ किलोहर्ट्झ नमुना-दराने १२८ नमुन्यांच्या बफरमुळे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, तर १०२४ नमुन्यांमुळे २१ मिलिसेकंद विलंब होतो. दुसऱ्या स्थितीत गायकाचा ताल ढळतो. बफर लहान केल्यास प्रोसेसरवर ताण येऊन आवाजात खरखर उमटते. इंटरफेसमध्ये थेट श्रवणाची सोय असल्यास ही अडचण बरीचशी टळते. त्यामुळे केवळ आवाज, हार्मोनियम व तबला यांच्या मुद्रणासाठी महागड्या प्रोसेसरची गरज नसते. संगणकातीलच आभासी वाद्ये वापरायची असतील, तर मात्र वेगवान प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम उपयुक्त ठरते.

== साठवण ==
२४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते. गायक, टाळकरी, पखवाज, वीणा व पेटी असे भजनी मंडळ आठ मायक्रोफोनवर तासभर मुद्रित केले, तरी ४.१ जीबीच भरते. एसएसडी वेगवान असून आवाज करत नाही. दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणे मात्र आवश्यक असते, कारण रंगलेले भजन पुन्हा तसेच होत नाही.

== वीज व गोंगाट ==
लासूर स्टेशनसारख्या (ता. गंगापूर) बाजाराच्या गावी वीज खंडित होण्याचा विचार आधी करावा लागतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. परंतु आठ मायक्रोफोनच्या इंटरफेसला बहुधा स्वतंत्र अडॅप्टर लागत असल्याने त्यालाही यूपीएस हवा, अन्यथा संगणक चालू राहूनही मुद्रण थांबते. अर्थिंग सदोष असल्यास ध्वनिमुद्रणात गुणगुण येते. चार्जर काढून ती थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. डेस्कटॉप त्याच किमतीत अधिक क्षमता देतो, मात्र त्याचा पंखा मायक्रोफोनपासून दूर ठेवावा लागतो.

== सॉफ्टवेअर ==
लॉजिक प्रो केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते. आर्डर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालते. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असणे महत्त्वाचे असते.