औतांचें मोल व जुन्या वह्या

शेतीच्या औतांची महर्गता केवळ रुपयांच्या आंकड्यांवरून ठरविणें आम्हांस धोक्याचें वाटतें. १८३५ सालीं कंपनीनें एकच रुपया ठरविण्यापूर्वीं देशावर अंकुशी, चांदवडी इत्यादि नाणीं चालत, व त्यांचा बट्टा निरनिराळा असे. शिवाय नांगर, कुळव, पाभर हीं बहुधा बाभळीचीं; गांवचे सुतार-लोहार तीं बलुत्यावर घडीत. त्यामुळें त्यांचें मोल वहींत न पडतां खळ्यावर धान्यानें फिटे. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत (१८६१–६५) कापसाबरोबर धान्यही महागलें. तेव्हां बलुत्याचें माप तेंच राहिलें, तरी त्याची किंमत चढली.

१९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासेल ही भीति ओसरल्यावर तो खपूं लागला, आणि नांगर ही रोखीनें घ्यावयाची वस्तु झाली. अर्थात् वहींत दिसणारा हा नवा खर्च सर्वच महागाईचा नव्हे. पूर्वीं धान्यांत लपलेला भाग त्यांत उघड झाला.

हा भेद कुळांच्या खतावण्या व बलुत्याच्या याद्या यांवरूनच कळेल. सुप्यास १८७५ च्या मे महिन्यांत संतप्त कुळांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. जे रुमाल उरले, ते सनदांच्या शोधांत संग्राहकांनीं रद्दींत टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति.